हात दाबला की पडायचं

वडिवळे
१२ फेब्रुवारी २०२५

समीक्षा,

सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग कागद बदलला. आशीर्वाद वाचून तू तिथेच घडी घालशील असं वाटलं. तेव्हा नुसतं नाव लिहितो.

तुझा नाशिकचा पत्ता मी चोरला. आईने दिवाळीत तुला इंद्रायणी तांदूळ पाठवला, त्याच्या कुरिअरची पावती तिने पिठाच्या डब्याखाली दडवून ठेवली होती. सहा वर्षं तुम्ही दोघी बोलता हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तिला माहीत आहे, आणि आम्ही दोघेही गप्प बसतो. माझा नंबर तू बंद करून टाकलास. एकदा राजूच्या फोनवरून लावला तर माझं 'हॅलो' ऐकूनच ठेवलास. बरोबरच केलंस म्हणा. पण पत्राला आवाज नसतो, म्हणून हा मार्ग. रजिस्टर करून पोचपावती लावून पाठवतोय. उत्तर नाही आलं तरी तुझी सही परत येईल.

कारण सांगतो. राजूची पिंकी आता आठ वर्षांची झाली. परवा तिला ट्रंकेत तुझा फोटो सापडला. हातात नारळ, अंगभर लाल माती आणि समोरचे दोन दात पडलेले. तेव्हापासून तिने घर डोक्यावर घेतलंय की यंदा जत्रेत मीपण कुस्ती खेळणार. मला विचारते, "आबा, आत्या किती वेळा हारली?" मी म्हटलं, "जत्रेत एकदाबी न्हाई." ती खूष होऊन उड्या मारत गेली आणि मी ट्रंकेच्या झाकणावर बसून राहिलो.

जत्रेत लहान पोरांच्या कुस्तीच्या जोड्या अजून मीच लावतो. पंचवीस वर्षं झाली, दुसरं कुणी पुढे येत नाही. संध्याकाळी राजू अंगणात आला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "नाना, जोड तुमीच लावताय तर बघा जरा. पयल्याच वर्षी पोरीचं मन मोडाया नको." बघा जरा म्हणजे काय, ते आपल्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. समोरची पोर पडेल असं बघा.

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं असंही नाही.

जत्रा २० एप्रिलला आहे, रविवारी. तू ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण पोरीला पहिल्या कुस्तीच्या वेळी घरातलं एखादं खरं माणूस जवळ असावं, असं मला वाटतं. शिवाय त्या काळी जे झालं ते थोडंफार सगळेच करायचे, मी एकटाच काही...

हे वाक्य पुरं करत नाही.

नाना


वडिवळे
२ मार्च २०२५

समीक्षा,

पोचपावती आली. तुझी सही बदलली आहे. 'स'चा फाटा पूर्वी लांब ओढायचीस, आता आखडता घेतेस. बाकी उत्तर नाही, आणि मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पोस्टमन कामशेतहून येतो ती वेळ मला तोंडपाठ झाली आहे.

मागच्या पत्रातलं अर्धं वाक्य मला टोचत राहिलं. सहा वर्षांपूर्वी दिवाळीत तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "नाना, कोमल खरंच पडायची का? का तुमी पाडायचा तिला?" मी फराळाचं ताट हातात घेऊन म्हणालो, "लोकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस." तू अर्धा तास थांबलीस. मी चिवडा खाल्ला. मग तू बॅग घेऊन गेलीस.

आता खरं लिहितो. तुला बहुतेक सगळं कळलंच आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस.

जोड लावताना दोन पोरींना मधे आणायचं, दोघींची मनगटं धरून हात वर करायचे आणि आखाड्याला एक फेरी मारायची, म्हणजे लोकांना जोड दिसते. हलगी वाजत असते, लोक ओरडत असतात, सगळ्यांचं लक्ष पोरींच्या तोंडाकडे असतं. मनगट धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे कोण बघतंय? समोरच्या पोरीला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असायचं, सोपानभाऊंनी, म्हणजे मी, हात दाबला की पडायचं. लगेच नाही, थोडी झटापट करून. फेरीत मी अंगठा दाबायचो. मग तू तिला घ्यायचीस, लोक टाळ्या वाजवायचे आणि मीही वाजवायचो.

आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत आपल्या आणि आसपासच्या जत्रांत तू अकरा कुस्त्या जिंकलीस. अकराच्या अकरा वेळा मी हात दाबला. त्यातल्या सात वेळा समोर कोमल होती, कारण ती आपल्याच आळीतली, समजूतदार, आणि तिचा बाप मला नाही म्हणायचा नाही.

शेवटच्या दोन-तीन कुस्त्यांत तरी गरज नव्हती असं मी स्वतःला सांगत आलोय. तू तयारीची झाली होतीस, कदाचित आपल्या बळावर जिंकली असतीस. पण हे कदाचितच राहिलं. मला माहीत नाही, आणि माझ्यामुळे तुलाही ते कधी कळणार नाही.

आई म्हणते, तू शाळेत खेळाची बाई आहेस आणि पहिला महिनाभर पोरांना नुसतं पडायला शिकवतेस. हनुवटी छातीला लावायची, हात आपटायचा आणि उठायचं. मी तुला ढाकेचा डाव शिकवला, पाय ओढून पट काढायला शिकवलं, पहाटे धरणाच्या भिंतीवरून पळवलं. पडल्यावर काय करायचं तेवढं शिकवलं नाही. त्याची गरज पडणार नाही अशी व्यवस्था मी केली होती ना!

नाना


वडिवळे
२३ मार्च २०२५

समीक्षा,

कोमलला भेटून आलो.

लोणावळ्याला ती चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरते. कामशेतला गाडीत बसलो तेव्हा काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं, मळवली येईपर्यंत अर्धं विसरलो. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली. डोक्याला जाळीची टोपी, हाताला गुळाचा चिकटा. मला बघून आधी घाबरली, तिला वाटलं गावाकडे कुणी गेलं. मग पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "कोमल, तुझी माफी मागाया आलोय." ती हसली. म्हणाली, "कशापायी भाऊ? ते कुस्तीचं व्हय? लय जुनं झालं की."

मग आम्ही कट्ट्यावर बसलो. तिने डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी खात नव्हतो तर म्हणाली, खावा. आणि खाता खाता, जशी कुणी बाजारहाटाची गोष्ट सांगावी तशी बोलली. तिचेच शब्द लिहितो:

"भाऊ, पयल्या दोन वर्सी मला काय वाटलं न्हाई. तिसऱ्या वर्सी समीक्षा माज्या खाली आली हुती. पुरती आली हुती. नुसता गुडघा दाबला आस्ता तर चीत हुती. तुमच्याकडं बघितलं. तुमी डोळं वटारलं. मग मी सोडली तिला. घरी गेल्यावर बा म्हनला, शानी माझी पोर. तवापासनं मला ती सवयच लागली बघा. कुनी मोठ्यानं बोललं की मी आदीच पडती. नवऱ्याम्होरं पडती, सासूम्होरं पडती, हितं सुपरवायझरम्होरं पडती. हात दाबायचीबी गरज लागत न्हाई."

हे सगळं ती हसत हसत बोलली. घंटा झाली तशी टोपी नीट करून आत गेली. जाताना चिक्कीचं पाकीट दिलं, पिंकीसाठी.

त्या तिसऱ्या वर्षीचं मी विसरलो होतो, समीक्षा. खरंच विसरलो होतो. परत येताना गाडीत आठवलं. तू तिच्या खाली होतीस आणि मी डोळे वटारले होते. म्हणजे मला तेव्हाच दिसलं होतं की तुमच्या दोघींत खरी पैलवान कोमल आहे. मी तुझं वाटोळं केलं असं इतके दिवस मनाशी म्हणत होतो, त्यात कोमलचं नावही येत नव्हतं.

पाकीट पिंकीला दिलेलं नाही. फडताळात ठेवलंय.

नाना


वडिवळे
१३ एप्रिल २०२५

समीक्षा,

दुसरी आणि तिसरी, दोन्ही पोचपावत्या आल्या. तू पत्रं घेतेस एवढं पुरे. वाचतेस का ते विचारत नाही.

भाताच्या खाचरात कोपऱ्यातली जागा खणून आखाडा केलाय. माती चाळली, ताक, तेल, हळद, लिंबू सगळं घातलं. आई म्हणाली, "एवढं तर पोरीच्या लग्नाच्या हळदीलाबी लागलं नस्तं." पिंकी रोज संध्याकाळी येते. खरं सांगायचं तर अंगात चपळाई आहे, पण जोर कमी आहे आणि समोरच्याने धरलं की डोळे मिटते. तिची जोड चैतालीशी लागेल, टेम्पोवाल्याच्या मुलीशी. तीही आठ वर्षांची. मी तिला शाळेच्या मैदानावर खेळताना पाहिलंय. पिंकी पडणार.

राजूला सांगितलं, या वेळी मी काही बघणार नाही. तो रागावला. स्नेहल चुलीपाशी होती, ती मला सरळ म्हणाली, "मामंजी, वन्संचं झालं ते झालं, माज्या पोरीवर कशाला परयोग करताय?" तिचंही चुकत नाही. आपलं पोर सगळ्या गावासमोर मातीत लोळताना कुणाला बघवतं?

मी असा का झालो ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आजोबांना, रखमाजीबुवांना, तू फोटोतच पाहिलंस. पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं. मी सतरा वर्षांचा असताना याच जत्रेत पवनेकडच्या एका पोराने मला दोन मिनिटांत चीत केलं. मी उठून बघतो तर बाप उठून चाललेला. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मागितलं तर माझी आई म्हणाली, दूध डेअरीला गेलं. रोज माझ्यासाठी दोन लिटर ठेवायचे, त्या दिवसापासून सगळं दूध डेअरीला. कुणी एक शब्द बोललं नाही. नुसता माझा पेला पालथा घालून ठेवलेला असायचा. दोन वर्षं तो तसाच होता, मग मी तळेगावला कंपनीत लागलो.

तू झालीस तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या पोरीचा पेला कधी पालथा पडणार नाही. त्यासाठी तिला हरू द्यायचंच नाही, एवढीच अक्कल मला होती. हरली तरी दूध द्यायचं, हे डोक्यात आलंच नाही बघ.

जिल्ह्याच्या निवड चाचणीचं तर लिहायलाही हात धजत नाही. पंधरा वर्षांची होतीस. मॅटवर उतरलीस तेव्हा माझ्याकडे बघून हसलीस. तिथे मनगट धरायला मी नव्हतो. समोरच्या पोरीने तुला चाळीस सेकंदांत पाडलं. तू बाहेर आलीस, रडतही नव्हतीस, तुला काय झालं तेच कळलं नव्हतं. मला विचारलंस, "नाना, असं कसं झालं?" आणि मी म्हणालो, "पंच फुटलेत." पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी तू धरणाच्या भिंतीवर जाऊन बसलीस. दोन तास. तुला उठवून आणलं ते आईने. मी तेव्हा घरात बसून पंचांविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहीत होतो. त्या पंचांनी काही केलं नव्हतं, समीक्षा. तू हरली होतीस.

पिंकीच्या वेळी असं होणार नाही. हा शब्द देतो. फेरी मारताना मी चार बोटांनी धरीन, अंगठा बाहेर ठेवीन. हवं तर येऊन बघ.

नाना


वडिवळे
२१ एप्रिल २०२५

समीक्षा,

जत्रा काल पार पडली. गर्दी बरी होती. ऊन फार, म्हणून पोरांच्या कुस्त्या पाच वाजता घेतल्या.

पिंकी जिंकली. चैतालीने सुरुवात चांगली केली होती, पण पाय घसरला असावा आणि पिंकीने संधी साधली. पोरींच्या खेळात असं होतं. पिंकीला नारळ आणि स्टीलचा डबा मिळाला. राजूने व्हिडिओ काढला, स्नेहलने दृष्ट काढली.

मी दिलेला शब्द पाळला. काही केलं नाही. भैरोबाची शपथ.

तब्येत बरी नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

नाना


वडिवळे
२४ एप्रिल २०२५

समीक्षा,

काल दुपारी आई भांडी घासत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ती आलती."

मी म्हटलं, कोण?

"समी. जत्रंला आलती. पान्याच्या टँकरमागं हुबी हुती, बायकांत. सातच्या यस्टीनं गेली. घरी ये म्हनलं तर न्हाई म्हनली."

मी विचारलं, पिंकीची कुस्ती बघितली का तिने?

आई म्हणाली, "पोरीकडं कुटं बघत हुती! तुमच्या हाताकडं बघत हुती."

मी तसाच उठलो आणि कामशेतच्या पोस्टात गेलो. २१ तारखेचं पत्र परत मिळेल का म्हणून विचारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, काका, थैली परवाच गेली. मी म्हटलं, त्यात एक चूक झालीये. तो म्हणाला, मग दुसरं लिहा.

हे ते दुसरं. तोपर्यंत पहिलं तुझ्या हातात पडलेलं असेल. तू डोळ्यांनी सगळं पाहून गेलीस आणि त्यानंतर तुला माझं पत्र मिळालं, त्यात भैरोबाची शपथ. याच्यापुढे मी काय लिहिणार? तरी लिहितो.

मी हात दाबला.

निघताना ठरवून आलो होतो, चार बोटं, अंगठा बाहेर. पहिल्या दोन बाजू तसाच फिरलो. डाव्या हातात पिंकीचं मनगट होतं, ते थरथरत होतं, पाखरू धरल्यासारखं. उजव्या हातात चैतालीचं, घट्ट आणि गार. इतकी वर्षं पोरांची मनगटं धरलीत मी, कोण पडणार ते मला हातातच कळतं. तिसऱ्या बाजूला राजू मोबाइल धरून उभा होता. पिंकीने वर माझ्याकडे बघितलं आणि हसली. तू मॅटवर उतरताना हसली होतीस, तशीच.

मग अंगठा आत गेला. आपोआप गेला, असं लिहून काल एक कागद फाडला. आपोआप नाही गेला. मी घातला.

मला वाटलं होतं, दाबून तरी काय होणार आहे, चैतालीला काही सांगितलेलंच नव्हतं. ही पळवाटही मी मनात आधीच काढून ठेवली होती. पण तिच्या बापाची धाकटी बहीण एकदा तुझ्यासमोर पडली होती. त्याला रीत माहीत होती. मी न सांगताच त्याने पोरीला सांगून पाठवलं होतं, सोपानभाऊंनी हात दाबला की पड. गावाला मी एवढं शिकवून ठेवलंय. चैतालीने पिंकीला कमरेत धरून उचललं होतं, समीक्षा. उचललं होतं आणि मग हळूच खाली ठेवलं आणि स्वतः आडवी झाली. तिचं तोंड माझ्याकडे होतं.

तू ते पाहिलंस. मला समोर येऊन बोलली असतीस तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही.

नाना


वडिवळे
४ मे २०२५

समीक्षा,

मागच्या दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या आल्या नाहीत. पोस्टात चौकशी केली नाही. या पत्राला पोचपावती लावलेली नाही, साधं तिकीट लावून टाकतोय. तुला सही करायला नको. हे शेवटचं. मी पुन्हा तुला ये म्हणणार नाही.

गेल्या रविवारी पिंकी नळावरून आली ती पायातली चप्पलही न काढता माझ्यासमोर उभी राहिली. स्टीलचा डबा हातात होता. म्हणाली, "आबा, चैताली म्हनती तुमी तिचा हात दाबला म्हनून ती पडली. खोटं बोलती ना ती?"

दाराच्या आत स्नेहल होती. ती मला हाताने खुणावत होती, नाही म्हणा. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, जुनंच, लोकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. जिभेवर आलं होतं.

मी म्हणालो, "व्हय. दाबला."

 पिंकीने डबा खाली ठेवला, फेकला नाही, आणि विचारलं, "म्हंजे मी जिंकले न्हाई?" मी म्हटलं, न्हाई.

स्नेहल माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. राजू ताट आणून ठेवतो आणि जातो. घरात पुन्हा त्या पालथ्या पेल्याच्या दिवसांसारखं सुरू झालंय, फक्त या वेळी खरं बोलल्याबद्दल.

पण पिंकीनेच हट्ट धरला की परत खेळायचं. परवा, शुक्रवारी, सकाळी खाचरातल्या आखाड्यावर चैताली आली, बापासोबत. हलगी नाही, माणसं नाहीत, आम्ही पाच जण आणि बांधावर बांधलेली म्हैस. चैतालीचा बाप मला म्हणाला, "भाऊ, सांगा काय करायचं पोरीनं." मी त्याच्यापुढे हात जोडले. चैतालीला म्हटलं, "बाळा, तुला येतंय तसं खेळ." तिचा विश्वास बसला नाही. माझ्या हातांकडेच बघत राहिली. म्हणून जोड मी लावली नाही. आईने लावली. पदर खोचून दोघींचे हात धरले, फेरी मारली आणि बाजूला झाली. मी हात पाठीमागे बांधून बांधावर उभा राहिलो.

फार वेळ लागला नाही. पिंकी अंगावर गेली, चैतालीने पट काढला आणि पिंकी पाठीवर. आवाज झाला मातीचा. डोळे मिटलेले होते तिचे, मी सांगितलं होतं तरी. चैताली लगेच उठून बापाकडे पळाली, जशी काही तिनेच चूक केली.

पिंकी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून माझ्याकडे आली. केसात माती तशीच. म्हणाली, "आबा, हितली माती घसरती ना?"

मी तिला पंचांचं काही सांगितलं नव्हतं. हे तिने स्वतःच शोधलं, आठ वर्षांच्या पोरीने. आणि काय सांगू, मला ते इतकं सोपं वाटलं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. पोरगी तिथल्या तिथे हसली असती.

मी खाली बसलो. म्हणालो, "न्हाई पिंके. माती चांगली हाय. तू पडलीस. चैताली चांगली खेळली."

तिने मला दोन्ही हातांनी मारलं. छातीवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. मग रडायला लागली आणि दिवसभर थांबत थांबत रडत राहिली. संध्याकाळी मी धार काढली आणि रोजच्यासारखा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, मी आता कधीच खेळणार न्हाई. मी म्हटलं, नको खेळू, दूध पी. अर्धा पेला प्यायली, उरलेला तसाच ठेवून आत गेली. काल आणि आज ती आखाड्याकडे फिरकली नाही. खेळेल की नाही मला माहीत नाही. मी केलं ते बरोबर का चूक, तेही नक्की सांगता येत नाही. जत्रा समितीला मात्र सांगून आलोय, पुढच्या वर्षीपासून जोड दुसरं कुणीतरी लावेल.

चिक्कीचं पाकीट चैतालीला दिलं. ते कोमलकडचं आहे, एवढंच सांगितलं.

तो अर्धा पेला मी विसळायला नेला आणि मोरीत बसूनच राहिलो. निवड चाचणीच्या त्या हॉलचं दार डोळ्यांपुढे आलं. तू बाहेर आलीस, बूट हातात, आणि मला विचारलंस, असं कसं झालं. पाच-सहा शब्दांचं काम होतं, आणि मी तुला दुसरंच काहीतरी दिलं. ते शब्द परवा पिंकीला मिळाले, पण ते तुझे होते. अकरा वर्षं उशीर झालाय. तुला उपयोग नसेल तर हा कागद चुलीत घाल, पण एकदा वाच.

समे, तू पडलीस. ती पोरगी चांगली खेळली. चल, घरी जाऊ, दूध तापवून ठेवलंय.

नाना